वाचकाची साक्ष

मनुष्य जीं असत्यें बोलतो त्यांत सर्वांत प्रतिष्ठित असें असत्य कोणतें, असा प्रश्न कोणीं आम्हांस केला, तर 'ग्रंथांविषयींचें असत्य' असें उत्तर आम्ही क्षणाचाहि विलंब न लावतां देऊं. पैशाच्या व्यवहारांत खोटें बोलणारास लोक लबाड म्हणतात, न्यायासनापुढें खोटें बोलणारास शिक्षा होते; परंतु न वाचलेला ग्रंथ वाचला म्हणून सांगणारास, अथवा वाचून कंटाळलेल्या ग्रंथाची मान डोलावून स्तुति करणारास समाजांत 'रसिक' ही पदवी मिळते. दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटाकडे पाहून पाहुण्यानें विचारावें, "हें सारें वाचलेलें दिसतें आपलें?" आणि यजमानानें किंचित् हंसून "हो, वेळ मिळेल तसतसें," असें म्हणावें, हा संवाद आम्हीं इतक्या घरांत ऐकला आहे, आणि स्वतःच्या घरींहि इतक्या वेळां केला आहे, कीं त्यांत कांहीं वावगें आहे असें पुष्कळ वर्षें आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं.

तें ध्यानांत कसें आलें हें सांगण्यासाठीं, आणि त्याबरोबरच आमच्या वाचनांतील कांहीं भिन्न प्रकृतीच्या पुस्तकांविषयींचें आमचें मत मोकळेपणानें नमूद करण्यासाठीं, हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे. परंतु मतें देण्यापूर्वीं एका प्रश्नाचा विचार प्राप्त होतो. ग्रंथाविषयीं खरें बोलणें हें कर्तव्य आहे काय? असल्यास तें कोणाप्रत, आणि त्यास मर्यादा कोणती?

आमचे आजोबा तालुक्याच्या गांवीं वकिली करीत. त्यांच्या बैठकीच्या खोलींत उशापाशीं लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'ची जाड प्रत नेहमीं असे. मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत शिसपेनीनें लिहिला गेलेला आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आजोबांच्या घरांत देवघरांतील मूर्तींइतकाच मानाचा होता. घरांतील भांडण असो, पक्षकाराची अडचण असो, कीं आमची परीक्षेंतील हयगय असो, "रहस्य वाचा म्हणजे समजेल," हा त्यांचा समारोप ठरलेला असे. ते वारल्यावर ती प्रत आमच्या वांट्यास आली. जुन्या पद्धतीच्या कांहीं पुस्तकांत पानांच्या कडा जोडलेल्या असत व त्या वाचकानें सुरीनें कापावयाच्या असत, हें आमच्या वडील वाचकांस ठाऊक असेलच. आम्ही प्रत उघडून पाहतों तों पहिलीं दोन प्रकरणें कापलेलीं, आणि तिसऱ्यापासून पुढें अखेरपर्यंत सुरी लागलीच नव्हती! यांतील दुसरें प्रकरण 'कर्मजिज्ञासा'. सत्य, अहिंसा इत्यादि नीतिनियमांस अपवाद कोणते, खोटें बोलणें केव्हां क्षम्य होतें, याचीच त्यांत चर्चा आहे. म्हणजे आमचे आजोबा नेमके असत्याच्या अपवादांपर्यंत येऊन थांबले होते.

त्या वेळीं आम्ही पोट धरून हंसलों. पुढें मात्र हंसूं येईनासें झालें. आजोबा ढोंगी नव्हते. कर्म सोडूं नये हा त्या ग्रंथाचा इत्यर्थ त्यांनीं व्याख्यानांतून, कीर्तनांतून, मित्रांच्या बैठकींतून ऐकला होता, आणि तो आचरणांत आणून ऐशींव्या वर्षापर्यंत ते कोर्टाची पायरी चढत होते. मग त्यांच्या असत्यानें नुकसान झालें कोणाचें? आमच्या मतें त्यांचें स्वतःचेंच. चाळीस वर्षें जो ग्रंथ उशाशीं होता, त्यास त्यांच्याशीं एकदांहि वाद घालतां आला नाहीं. न वाचतां पूजिलेला ग्रंथ आपणांस विरोध करीत नाहीं, आपली चूक दाखवीत नाहीं, आपल्या मताचें तेवढें नांव धारण करून मुकाट्यानें पडून राहतो. ग्रंथाचा याहून मोठा अपमान कोणता असेल?

परंतु हें झालें खाजगी असत्य. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि तिचे अपराधी आम्ही स्वतः आहों.

महाविद्यालयांत आम्हीं मिल्टनचें 'पॅरडाइज लॉस्ट' पुष्कळ वर्षें शिकविलें. १६६७ सालीं प्रसिद्ध झालेलें, आंधळ्या कवीनें दुसऱ्यांकरवीं लिहवून घेतलेलें हें दहा हजार ओळींहून मोठें महाकाव्य इंग्रजी वाङ्मयाचा मानदंड आहे, यांत शंका नाहीं. त्याची भव्यता, त्याचे दीर्घ उपमालंकार, त्यांतील सैतानाचें वक्तृत्व यांवर आम्ही तासन् तास बोलत असूं. एके दिवशीं मागच्या बांकावरील एक खेड्यांतून आलेला मुलगा उभा राहिला आणि अगदीं साधेपणानें म्हणाला, "सर, हें तुम्हांला स्वतःला आवडतें का?" प्रश्नांत उपहासाचा लेशहि नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. खरें उत्तर असें होतें कीं पहिलीं दोन कांडें आणि शेवटचीं कांहीं पानें सोडलीं, तर तें काव्य आम्हांस कधींच मनापासून आवडलें नव्हतें. परंतु आम्हीं उत्तर दिलें, "अभिजात ग्रंथ आवडण्यासाठीं नसतात, समजण्यासाठीं असतात." वर्गांत हंशा पिकला. मुलगा खालीं बसला. पुढील वर्षीं त्यानें इंग्रजी विषय सोडला. कारण विचारणाऱ्या आमच्या एका सहाध्यापकांस त्यानें सांगितलें, "सरांना त्यांत जें दिसतें तें मला दिसत नाहीं. माझी ती कुवतच नाहीं."

वाचक हो, त्याला जें दिसत नव्हतें तें आम्हांसहि दिसत नव्हतें! आमच्या एका शोभिवंत वाक्यानें एका प्रामाणिक वाचकाची अशी समजूत झाली कीं दोष त्याच्या डोळ्यांत आहे. ग्रंथांविषयींचें असत्य निरुपद्रवी आहे असें म्हणणारांनीं या मुलाचा विचार करावा. स्तुतीचें नाणें खोटें पाडणारा आपली पत राखतो. परंतु तें नाणें ज्याच्या हातीं जातें तो मात्र आपणच दरिद्री आहों असें समजून बाजारांतून परत फिरतो.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, "ठीक आहे, पण शतकानुशतकें विद्वानांनीं मानलेल्या ग्रंथास 'मला आवडला नाहीं' असें म्हणणें हा उद्धटपणा नव्हे काय?" आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर आम्हांस दोन वृद्ध पुरुषांच्या उदाहरणांतून मिळालें.

टॉल्स्टॉयनें उतारवयांत शेक्सपिअरवर एक निबंध लिहिला. तो १९०६ सालीं प्रसिद्ध झाला. आपण शेक्सपिअर रशियन, इंग्रजी व जर्मन भाषांतून आयुष्यभर पुनःपुनः वाचला, आणि प्रत्येक वेळीं आपणांस कंटाळा व तिटकाराच वाटला, असें तो सांगतो. येथवर तो जें बोलतो तें धैर्याचें आहे. परंतु तेवढ्यावर न थांबतां तो पुढें म्हणतो कीं ज्या अर्थीं मला कंटाळा आला, त्या अर्थीं शेक्सपिअर मोठा कवि नव्हेच, आणि त्याची थोरवी मानणारें सारें जग एका संसर्गजन्य भ्रमानें पछाडलेलें आहे. जॉर्ज ऑर्वेलनें १९४७ सालीं या निबंधास जें मार्मिक उत्तर दिलें, त्यांत टॉल्स्टॉयचा सर्वांत मोठा रोष ज्या 'किंग लिअर'वर आहे, त्या लिअरच्या कथेंत टॉल्स्टॉयच्या स्वतःच्या जीवनाचेंच प्रतिबिंब कसें दिसतें हें दाखविलें आहे.

दुसरा वृद्ध म्हणजे चार्ल्स डार्विन. १८७६ सालीं मुलांनातवंडांसाठीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत तो सांगतो कीं तरुणपणीं आपणांस काव्याची अतिशय गोडी होती. 'बीगल' जहाजावरील सफरींत जमिनीवर उतरून फिरावयास जातांना एकच पुस्तक नेतां येईल तेव्हां आपण मिल्टनचें 'पॅरडाइज लॉस्ट' निवडीत असूं. आणि आतां? आतां काव्याची एक ओळहि सोसत नाहीं. शेक्सपिअर पुन्हां वाचूं गेलों तर त्याचा वीट आला! म्हणजे मत टॉल्स्टॉयचेंच. परंतु त्यावरून डार्विन काय अनुमान काढतो? शेक्सपिअर टाकाऊ आहे असें नव्हे. तो म्हणतो कीं सारें आयुष्य वस्तुस्थितीच्या ढिगांतून नियम दळून काढण्यांत गेल्यामुळें माझ्या मनाचा एक भाग वाळून गेला असावा, आणि ही सुखाची हानि आहे. वर, कादंबऱ्या मात्र आपणांस अजून आवडतात, त्यांचा शेवट गोड असावा, आणि वाईट शेवट करणाऱ्यांविरुद्ध कायदाच व्हावा, असेंहि तो कसलाहि संकोच न बाळगतां सांगतो.

एकच मत, पण एकानें त्याचा निकाल केला आणि दुसऱ्यानें त्याची साक्ष दिली. आमच्या मतें साऱ्या प्रश्नाची किल्ली या भेदांत आहे. साक्षीदाराचें काम काय? आपण काय पाहिलें तें सांगणें. आणि तितक्याच प्रामाणिकपणें, आपण कोठें उभे होतों, उजेड कसा होता, आपली दृष्टि कशी आहे, हेंहि सांगणें. दुसऱ्या भागावांचून पहिला भाग अपुरा आहे. 'हें पुस्तक मला आवडलें नाहीं' एवढेंच म्हणणारा अर्धें सत्य बोलतो. 'तें मी केव्हां, कोणत्या मनःस्थितींत, कोण असतांना वाचलें' हें सांगणारा पूर्ण सत्याजवळ येतो. उद्धटपणा खरें बोलण्यांत नाहीं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यांतून उठून न्यायाधीशाच्या खुर्चींत बसण्यांत आहे.

"मग काय, ज्याची त्याची आवड! चर्चेला जागाच उरली नाहीं," असा दुसरा आक्षेप येईल. तसेंहि नाहीं. डेव्हिड ह्यूमनें १७५७ च्या आपल्या रुचिविषयक निबंधांत 'डॉन किहोटे'मधील एक गोष्ट दिली आहे. दोन जाणत्यांना पिंपांतील मद्य चाखावयास दिलें. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित् कातड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित् लोखंडाची चव लागते. लोकांनीं दोघांची टर उडविली. पुढें पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं कातडी वादी बांधलेली एक जुनी किल्ली सांपडली. दोघांच्या साक्षी निरनिराळ्या, आणि दोन्ही खऱ्या. प्रत्येकानें आपल्या जिभेस जें लागलें तेंच सांगितलें म्हणून किल्लीचा पुरा पत्ता लागला. एकानें दुसऱ्यास भिऊन मान डोलाविली असती तर अर्धी किल्ली पिंपांतच राहिली असती.

या गोष्टीचा अर्थ आम्हांस पुस्तकानें नव्हे, आमच्या आत्यानें शिकविला. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ सालची. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार तिच्या लेखकास मिळाला. आमच्या आत्याजवळची तिची प्रत इतक्या वेळां वाचलेली होती कीं पानें सुटून तिनें ती दोऱ्यानें शिवून घेतली होती. आम्ही नुकतेच एम्. ए. झालों होतों, आणि त्या पदवीबरोबर येणारी सारी शिष्टता आमच्या अंगीं मुरली होती. एकदां जेवतांना आम्हीं तिच्यासमोर त्या कादंबरीची यथेच्छ चिरफाड केली. प्रत्येक वाक्याचा सुविचार होतो. माणसें बोलत नाहींत, सुभाषितें प्रसवतात. भावनेवर उपमांचा इतका जाड थर आहे कीं खालील अंग दिसेनासें होतें. आत्या ऐकून घेत राहिली. शेवटीं एवढेंच म्हणाली, "असेल रे बाबा. तुम्ही शिकलेले." त्यानंतर आम्ही तिच्या घरीं गेलों कीं तें पुस्तक कोठें दिसत नसे. पुढें पुष्कळ वर्षांनीं, तिच्या अखेरच्या आजारांत उशी सरळ करतांना खालीं तें आमच्या हातीं लागलें. ती कसनुसें हंसून म्हणाली, "देवयानीचें कोणी ऐकतच नाहीं रे. सगळ्यांना आपली शर्मिष्ठा."

तेव्हां आम्हांस, वयाच्या चाळिशींत, घरांतील सर्व वडीलधाऱ्यांस ठाऊक असलेली गोष्ट प्रथमच कळली, कीं आमच्या आतोबांचा परगांवीं दुसरा संसार होता आणि आत्यानें तें जन्मभर ओठ मिटून सोसलें होतें. त्या कादंबरींत ययाति, देवयानी व शर्मिष्ठा हे तिघेहि आपापली कहाणी स्वमुखानें सांगतात. देवयानीला, त्या गर्विष्ठ, संतापी, सवतीच्या चाहुलीनें पेटलेल्या राणीला, स्वतःच्या तोंडानें बोलावयास तेथें जागा मिळाली आहे; आणि आमच्या आत्याला तिचा संताप छापील अक्षरांत दिसला तो बहुधा तेवढ्याच एका ठिकाणीं. आम्हांस कातड्याचा वास आला होता तो खोटा नव्हता. 'ययाति'च्या शैलीविषयींचें आमचें मत आजहि तेंच आहे. परंतु तिला लोखंडाची चव लागली होती, आणि ती सांगण्यापूर्वींच आम्हीं तिचें तोंड बंद केलें. खरें बोलण्याची मर्यादा कोणती, या प्रश्नाचें उत्तर आमच्यापुरतें हें आहे: आपल्या साक्षीनें दुसऱ्या साक्षीदाराची वाचा जाईल असें बोलूं नये. अप्रिय सत्य बोलावें. पण समोरच्याला आपलें सत्य बोलावयास अवसर राहील अशा रीतीनें बोलावें.

असो. आतां ठरल्याप्रमाणें कांहीं मतें, आणि प्रत्येकाबरोबर आमच्या उभें राहण्याची जागाहि.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून क्रमशः आली व १८९३ मध्यें पुस्तकरूपानें निघाली. विद्यार्थिदशेंत ती आम्हीं केवळ नेमलेली म्हणून वाचली आणि फार लांब आहे असें ठरविलें. ती लांब आहेच. यमूच्या माहेरच्या व सासरच्या बारीकसारीक हकीकती, रुसवेफुगवे, पंगती, पाठांतरें यांचें पाल्हाळ आजहि कोठें कोठें आम्हांस जड जातें. परंतु मुलीचें लग्न झाल्यानंतर आम्हीं ती पुन्हां वाचली, आणि शेवटीं यमूच्या केशवपनाचा प्रसंग आला तेव्हां पुस्तक मिटून खोलींत येरझारा घालाव्या लागल्या. शेंकडों पानें त्या घरांत राहिल्यावांचून तो प्रसंग असा घरचा झाला नसता. ज्यास आम्ही दोष म्हणत होतों तीच त्या आघाताची पूर्वतयारी होती.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) आम्हीं विसाव्या वर्षीं वाचली, आणि पांडुरंग सांगवीकर म्हणजे आम्हीच असें ठरवून टाकलें. वर्षभर आमच्या पत्रांत प्रत्येक वाक्यानंतर 'वगैरे' येत असे. आज ती लकब आम्हांस थकवा आणते, आणि तिच्या नकलांनीं तर मराठी गद्याचें बरेंच नुकसान केलें असें आमचें मत आहे. शिवाय, आतां ती वाचतांना पांडुरंगाच्या जागीं आम्ही उभे नसतों. पुण्यास पैसे पाठवून मुलगा पदवीवांचून परत आलेला पाहणाऱ्या बापाच्या जागीं असतों. पुस्तक तेंच, आमचें आसन बदललें. एक मात्र बदललें नाहीं. धाकटी बहीण मनी देवीनें जाते तीं पानें आम्हांस वर्गांत मोठ्यानें वाचतां येत नाहींत, आणि ज्या पानांनीं तीस वर्षें आमचा आवाज अडविला त्यांच्या थोरवीविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं.

दया पवारांच्या 'बलुतं'विषयीं (१९७८) खरें बोलणें आम्हांस सर्वांत कठीण गेलें आहे, आणि म्हणूनच तें टाळणें योग्य होणार नाहीं. या पुस्तकाविषयीं आमच्यासारखे लोक एक निराळेंच असत्य बोलतात. तें अहंकाराचें नसून भयाचें असतें. 'फार दाहक, फार प्रामाणिक' असे दोन शब्द उच्चारून आम्ही पुस्तक खालीं ठेवतों, कीं पुढें कांहीं बोलावें लागूं नये. ही स्तुति नव्हे. दारांतून हात लांब करून दिलेली भिक्षाच आहे. आमचें खरें मत असें: मुंबईतील कावाखान्याचीं आणि आईच्या कष्टांचीं वर्णनें यांच्या तोडीचें गद्य मराठींत थोडें आहे, उत्तरार्धांतील कांहीं भाग आम्हांस सैल वाटला. परंतु साक्षीदारानें आपली जागाहि सांगितली पाहिजे. आम्ही बलुतें मागणाऱ्यांच्या नव्हे, ओसरीवरून तें घालणाऱ्यांच्या घरीं जन्मलों. तेव्हां तो सैलपणा पुस्तकांतला, कीं लेखक आमची करुणा न मागतां साधा शिकलासवरलेला संसारी गृहस्थ म्हणून समोर येतांच आमचें लक्ष सैल झालें, हा प्रश्न आम्हीं स्वतःस अनेकदां केला आहे. अजून त्याचा निर्णय लागलेला नाहीं.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'विषयीं (पहिला भाग १९३४) आम्हांस कोणताहि संदेह कधींच पडला नाहीं. १८९५ सालीं पतीनें ख्रिस्ती धर्म स्वीकारला, संसाराची उलथापालथ झाली, वर्षानुवर्षें ताटातूट झाली. आणि हें सारें सांगतांना ही बाई कोणावर निकाल देत नाहीं. पतीचा तापटपणा, त्याचें उधळें औदार्य, त्याचें थोरपण, आपली स्वतःची फजीती आणि आपले सोंवळ्याओंवळ्याचे आग्रह, सारें एकाच समबुद्धीनें व हंसऱ्या डोळ्यांनीं ती मांडते. साक्ष कशी द्यावी याचा वस्तुपाठ हवा असेल त्यानें हें पुस्तक वाचावें. शाळेची पायरी न चढलेल्या या स्त्रीनें जें साधलें तें आम्हां पदवीधरांच्या आत्मवृत्तांत क्वचितच आढळतें.

आणि एक कबुली. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळापहाड यांच्या रहस्यकथा आम्हीं भूगोलाच्या पुस्तकांत घालून शेंकड्यांनीं वाचल्या. त्या थोर वाङ्मय आहेत असें म्हणण्यास कोणी आम्हांस सांगूं नये. परंतु 'पॅरडाइज लॉस्ट'च्या सातव्या कांडापेक्षां त्यांनीं आम्हांस अधिक आनंद दिला हें लपविण्यासहि सांगूं नये. वाचनाची चटक त्यांनींच लाविली. मिल्टनपर्यंत आम्ही पोहोंचलों ते झुंजारच्या बोटाला धरून.

आजोबांच्या 'गीतारहस्या'चें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. गेल्या कांहीं वर्षांत आम्हीं सुरी घेऊन तीं पानें एकेक करून कापलीं. पंधराहि प्रकरणें वाचलीं. पाश्चात्य नीतिशास्त्राशीं गीतेची तुलना करतांना लोकमान्यांची बुद्धि जी चमकते तिनें आम्ही दिपून गेलों. पूर्वीच्या भाष्यकारांचीं मतें सांप्रदायिक म्हणून बाजूस सारण्याची त्यांची घाई मात्र आम्हांस पटली नाहीं. कर्म सोडूं नये हें खरें. परंतु संन्यासमार्गाचें जें खरें सामर्थ्य आहे त्यास त्या ग्रंथांत पुरता न्याय मिळाला असें आम्हांस वाटत नाहीं. हें आजोबांस ऐकवितां आलें असतें तर ते फार रागावले असते. आणि मग, आम्हांस खात्री आहे, उरलेलीं पानें त्यांनीं रातोरात कापलीं असतीं.

वर्गांतहि आमची पद्धत बदलली आहे. मिल्टन शिकविण्याच्या पहिल्याच दिवशीं आम्ही सांगून टाकतों कीं या काव्याचा अमुक भाग आम्हांस आवडतो आणि अमुक भाग अजून आवडूं शकला नाहीं. कारण कदाचित् काव्यांत असेल, कदाचित् आमच्यांत. याचा परिणाम आमच्या अपेक्षेच्या उलट झाला. मुलांचा आदर कमी झाला नाहीं, आणि मिल्टनचाहि मान राहिला. दोन वर्षांपूर्वीं एका मुलीनें हात वर करून म्हटलें, "सर, तुम्ही नववें कांड नीट वाचलें नसावें." आणि ईव्हनें फळ खाल्ल्यानंतर ॲडम तिला सोडून राहण्यापेक्षां तिच्याबरोबर बुडणें पत्करतो तो भाग तिनें असा उलगडून दाखविला कीं पंचवीस वर्षें ज्यावरून आम्ही पाट्या टाकीत गेलों तो उतारा आम्हांस त्या दिवशीं प्रथम दिसला. आम्हीं आवडीचें सोंग कायम ठेवलें असतें तर ती मुलगी आम्हांस काय म्हणून शिकविती?

त्या मागच्या बांकावरील मुलाला मात्र हें सांगावयाचें राहून गेलें. तो आतां चाळिशीच्या घरांत असेल. कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं. इंग्रजी काव्य आपल्या कुवतीबाहेरचें, अशी समजूत तो अजून बाळगून असेल. त्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही आज देतों: नाहीं, आम्हांस तें आवडत नव्हतें. तुझे डोळे चांगले होते.